प्रिन्सचा महाल, गणपतीचे मखर आणि इमहेक्स

नौपाड्यातील काकांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करण्याचे काम माझ्या वाट्याला आले. पितळी डबे, जुने दिवाळी अंक आणि बंद पडलेला स्टॅबिलायझर यांच्या मागून साडेतीन इंची फ्लॉप्यांचा एक डबा निघाला. त्यातील एका फ्लॉपीवर माझ्याच शाळकरी अक्षरात ‘प्रिन्स’ असे लिहिलेले होते. नव्वदच्या दशकात ठाण्यात ज्यांनी संगणकाचा क्लास लावला होता, त्यांना या एका शब्दापलीकडे काही सांगावे लागणार नाही. घरून फी घेतली जाई ती डॉस, वर्डस्टार आणि डीबेससाठी. परंतु सर चहाला खाली उतरले की प्रत्येक पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र कड्याला लोंबकळू लागे. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी निघाला आणि १९९० मध्ये डॉसवर आला. आमच्यापर्यंत तो कोणत्या वाटेने आला हे विचारू नये. खेळ विकत घ्यायचे असतात हेच आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

हे परीक्षण मात्र त्या खेळाचे नाही. ते इमहेक्स या सॉफ्टवेअरचे आहे, ज्याच्या आधाराने मी त्या फ्लॉपीवरील दाबून भरलेली, म्हणजे कमी जागेत बसविलेली, चित्रे बाहेर काढली. खेळाविषयी इतके लिहिले ते यासाठी की, असले साधन त्याच्या सोयींची यादी वाचून कळत नाही. हाताशी एखादे खरे काम असावे लागते. माझ्याकडे काम आले ते भाच्यामुळे. घोडबंदर रस्त्यावरील त्याच्या सोसायटीच्या गणपतीसाठी मुलांनी या खेळातील महालाचे मखर करायचे ठरविले होते. मी म्हटले, खेळ सुरू कर आणि स्क्रीनशॉट घे. त्यावर त्याचे उत्तर होते, “मामा, स्क्रीनशॉटमध्ये सगळं एकमेकांना चिकटून येतं. मला खांब वेगळा हवाय, कमान वेगळी हवीय.” मागणी रास्त होती. खांब, कमानी, जाळ्या हे सर्व खेळाच्या फायलींमध्ये सुटेसुटेच ठेवलेले असतात आणि खेळ चालू असताना ते पडद्यावर जुळविले जातात. प्रश्न एवढाच होता की त्या फायली कोणत्याही चित्रदर्शकात उघडत नाहीत.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. या खेळाच्या फायलींची रचना चाहत्यांनी फार पूर्वीच उलगडून व्यवस्थित लिहून ठेवलेली आहे, आणि मूळ प्रोग्राम उकलून नव्याने लिहिलेली एसडीएलपॉप ही मुक्त आवृत्तीही सर्वांना उपलब्ध आहे. तयार साधने वापरली असती तर तासाभरात काम झाले असते. परंतु मला इमहेक्स पारखायचे होते, आणि ज्या गणिताचे उत्तर गाईडच्या शेवटच्या पानावर छापलेले आहे, तेच गणित पारखायला उत्तम. म्हणून ती माहिती मी बाजूला ठेवली आणि अगदी अडल्याशिवाय उघडली नाही. अडलो दोनदा, ते कुठे, ते पुढे येईलच.

फ्लॉपी वाचून घेण्यासाठी ठाणे स्टेशनजवळच्या एका गल्लीतील दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे अजून एक चालू फ्लॉपी ड्राइव्ह होता. दोन-तीन फायलींच्या वेळी ड्राइव्हने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, पण शेवटी सर्व काही पेन ड्राइव्हवर आले. त्यातील ‘किड’ नावाच्या डॅट फाईलमध्ये राजपुत्र, ‘व्हीडन्जन’ आणि ‘व्हीपॅलेस’ या डॅट फायलींमध्ये तळघर व महाल असावेत हे नावांवरूनच कळत होते.

ज्यांनी हेक्स एडिटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, कोणतीही फाईल हा ० ते २५५ या आकड्यांचा लांबलचक पाढा असतो (असा प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट), आणि हेक्स एडिटर तो पाढा सोळा-सोळाच्या ओळींत मांडून दाखवितो. साधा हेक्स एडिटर एवढ्यावरच थांबतो. विंडोजवर चालणारा विनामूल्य एचएक्सडी हा त्या प्रकारचा आहे. हलका आणि भरवशाचा. एखादा बाइट बदलायचा असेल तर आजही मी तोच उघडतो. इमहेक्स २०२० मध्ये प्रथम आले, ते जीपीएल परवान्याखाली मुक्त आणि विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि त्याची महत्त्वाकांक्षा निराळी आहे. अनोळखी फाईलविषयी तुमच्या मनात जो तर्क चालू असतो तो लिहून काढण्यासाठी त्यात सी भाषेच्या वळणाची एक छोटी भाषा दिलेली आहे. तिला पॅटर्न लँग्वेज म्हणतात. तुम्ही लिहायचे की ‘सुरुवातीला चार बाइटांचा एक आकडा, त्यानंतर दोन बाइटांचा एक’, आणि ते चालविले की त्या-त्या बाइटांवर रंग चढतो व बाजूच्या तक्त्यात नावासह किंमत दिसते. तर्क बरोबर असेल तर किमती समजण्यासारख्या येतात. चुकला असेल तर तक्त्यात अब्जांच्या घरातले वेडेवाकडे आकडे येतात आणि चूक लपत नाही.

या एका सोयीसाठी मी हे सॉफ्टवेअर कोणालाही सुचवीन. यापूर्वी मी अशी कामे वहीत करीत असे. डाव्या बाजूला बाइट, उजव्या बाजूला अंदाज, आणि खोडून खोडून पान फाटायची वेळ. वहीतला अंदाज चुकीचा असला तरी वही काही बोलत नाही.

प्रत्यक्ष काम असे झाले. डॅट फाईलचे पहिले सहा बाइट निवडल्यावर इमहेक्समधील डेटा इन्स्पेक्टर तेच बाइट वेगवेगळ्या प्रकारचे आकडे म्हणून एकाच वेळी वाचून दाखवितो. पहिले चार बाइट एकत्र वाचले तर जो आकडा येत होता तो फाईलच्या एकूण लांबीपेक्षा किंचित कमी होता, आणि पुढच्या दोन बाइटांचा आकडा त्यात मिळविला की बेरीज फाईलच्या लांबीएवढी येत होती. याचा अर्थ पहिला आकडा म्हणजे फाईलच्या शेवटी असलेल्या कोणत्या तरी तक्त्याचा पत्ता आणि दुसरा म्हणजे त्या तक्त्याची लांबी. त्या पत्त्यावर जाऊन पाहिले. पहिल्या दोन बाइटांत नोंदींची संख्या होती आणि त्यानंतर आठ-आठ बाइटांच्या नोंदी ओळीने लागल्या होत्या : दोन बाइट क्रमांक, चार बाइट पत्ता, दोन बाइट लांबी. हे सर्व पॅटर्न लँग्वेजमध्ये जेमतेम बारा ओळींत बसले. ते चालविताच फाईलच्या शेवटचा करडा पट्टा रंगीत शिड्यांसारखा दिसू लागला. अशा क्षणी माणसाला उगाचच आपण हुशार असल्यासारखे वाटते, आणि लगेच पुढची ठेच लागते.

ठेच अशी होती की एका नोंदीचा पत्ता अधिक तिची लांबी केली तर पुढच्या नोंदीचा पत्ता यायला हवा होता, पण दरवेळी एक बाइट कमी पडत होता. हा एक बाइट कशाचा? तो प्रत्येक नोंदीच्या आरंभी होता आणि त्याच्या किमतीला काही धरबंध नव्हता. पॅटर्न लँग्वेजमध्ये फंक्शने (नाव दिलेली छोटी कामे) आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्या) लिहिता येतात, म्हणून संशयावरून नोंदीतील सर्व बाइटांची बेरीज करणारे पाच-सहा ओळींचे फंक्शन लिहिले आणि बेरजेचे शेवटचे आठ बिट छापून पाहिले (बिट म्हणजे ० किंवा १, आणि आठ बिटांचा एक बाइट). प्रत्येक नोंदीसाठी उत्तर आले २५५. तो एक बाइट म्हणजे पडताळ्याचा बाइट होता. बेरीज २५५ यावी एवढ्यासाठीच तो घातलेला. फ्लॉपीवरील एखादा बाइट बिघडला तर खेळाला कळावे ही त्यामागची सोय असावी, आणि माझ्यासाठी तिचा उपयोग असा झाला की तीस वर्षे माळ्यावर पडलेल्या त्या फ्लॉपीतील प्रत्येक चित्र शाबूत आहे याची खात्री त्याच फंक्शनने एका दमात करून दिली. दुरुस्तीवाल्याच्या ड्राइव्हने घसा खाकरला होता त्या फायलीसुद्धा उत्तीर्ण झाल्या.

चित्रांची नोंद सहा बाइटांच्या मथळ्याने सुरू होते. पहिल्या दोन बाइटांत उंची, पुढच्या दोनांत रुंदी. हा क्रम मी आधी उलटा धरला होता, कारण आपण सगळे रुंदी आधी म्हणतो. उरलेल्या दोन बाइटांपैकी दुसरा बाइट सर्वांत गमतीचा निघाला. सोळाच्या पद्धतीत, जिच्यात दहा ते पंधरा हे आकडे ए ते एफ या अक्षरांनी लिहितात, लिहिले तर तो कुठे ‘बी१’, कुठे ‘बी२’, कुठे ‘बी४’ असा दिसे. बी कायम आणि आकडा बदलता, म्हणजे एका बाइटात दोन गोष्टी बसविलेल्या असणार हे उघड होते. बिटांत मांडले की ‘बी२’ म्हणजे १०११ आणि ००१०. डावीकडील चार बिटांमधले शेवटचे दोन, म्हणजे ११, हे तीन होतात. त्यात एक मिळविला की चार. एका ठिपक्याला चार बिट, म्हणजे सोळा रंग. उजवीकडील चार बिटांत चित्र कोणत्या रीतीने दाबले आहे त्याचा क्रमांक आहे. शून्य म्हणजे न दाबता जसेच्या तसे, एक आणि दोन ही एक रीत, तीन आणि चार ही दुसरी. पॅटर्न लँग्वेजमध्ये बिटफील्ड नावाची सोय आहे, तिच्यामुळे बाइटाचे असे तुकडे पाडून त्यांना नावे देता येतात. ही सोय नसती तर प्रत्येक वेळी बोटांवर बिट मोजावे लागले असते.

आता दाबण्याची पहिली रीत. तिचे तत्त्व कोणत्याही गृहिणीला सांगितले तरी पटेल : यादीत ‘साखर, साखर, साखर, साखर’ असे लिहिण्याऐवजी ‘चार वेळा साखर’ असे लिहायचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरएलई म्हणतात. प्रत्येक गटाच्या आरंभी एक सूचक बाइट असतो. तो चिन्हासहित वाचायचा. शून्य किंवा धन असेल तर त्यात एक मिळवून तितके बाइट जसेच्या तसे उतरवायचे. ऋण असेल तर पुढचा एकच बाइट तितक्या वेळा पुन्हा लिहायचा. म्हणजे सूचक ३ असेल तर चार बाइट उतरवायचे, आणि उणे ५ असेल तर पुढचा बाइट पाच वेळा. मॅकिंटॉशवरील पॅकबिट्स ही रीत हिची सख्खी बहीण आहे, फक्त तिच्यात उणे ५ म्हणजे सहा वेळा. मला पॅकबिट्स ओळखीची होती म्हणून मी तिचाच नियम येथे लावला आणि राजपुत्राचे चित्र काढले. जे आले ते चित्र नसून पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा गोळा होता. प्रत्येक पुनरावृत्तीत एक बाइट जास्त पडत होता आणि चूक गटागणिक साचत जात होती. हे माझे पहिले अडणे. यात इमहेक्सचा काही दोष नाही. ओळखीचे दिसले की नीट न पाहणे ही माझी जुनी खोड आहे.

नियम सुधारल्यावर क्रमांक एकची चित्रे उमटली, क्रमांक दोनची मात्र अजूनही आडव्या रेघांचा कोळ दिसत होती. एक आणि दोन यांच्यातील फरक दिशेचा आहे. एकमध्ये बाइट डावीकडून उजवीकडे भरत जातात, दोनमध्ये वरून खाली, एका स्तंभानंतर दुसरा स्तंभ. मला वाटते की चित्रे बांधणाऱ्याने प्रत्येक चित्र सर्व रीतींनी दाबून पाहिले असावे आणि ज्यात जागा कमी लागली ती ठेवली असावी. उंच खांबात एकच रंग वरपासून खालपर्यंत जातो, तेव्हा त्याला उभी दिशाच स्वस्त पडणार. येथे आणखी एक बारकावा आहे. एका बाइटात दोन ठिपके मावतात, तेव्हा १३ ठिपके रुंद चित्राच्या एका ओळीला साडेसहा बाइट लागतात आणि ते पुरे सात करावे लागतात. हा अर्धा बाइट विसरलो की विषम रुंदीची सारी चित्रे तिरकी होतात, जणू राजपुत्र ठाण्याच्या पुलावर गर्दीच्या वेळी उभा आहे.

खरा कस लागला तो तीन आणि चार या क्रमांकांवर. त्यांना चाहत्यांनी एलझेडजी असे नाव दिलेले आहे. लेम्पेल आणि झिव या दोन शास्त्रज्ञांच्या आणि डॉस आवृत्ती लिहिणारे प्रोग्रामर ग्रूडी यांच्या आद्याक्षरांवरून. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना अशी की एखादा मजकूर नुकताच येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, तिथून इतके उचल’ एवढेच लिहावे. १९८२ मध्ये स्टोरर आणि झिमान्स्की यांनी त्यात सुधारणा केली, तिला एलझेडएसएस म्हणतात, आणि १९८९ मध्ये हारुहिको ओकुमुरा यांनी लिहिलेला एलझेडएसएसचा छोटा सी प्रोग्राम जगभर इतका फिरला की त्या काळातील कित्येक खेळांच्या पोटात त्याची भावंडे सापडतात. ओकुमुरांच्या प्रोग्राममध्ये ४०९६ बाइटांची फिरती खिडकी, म्हणजे नुकतेच उलगडलेले बाइट साठविण्याची जागा, आहे, एका वेळी जास्तीत जास्त १८ बाइट उचलता येतात, आणि लिहिण्यास सुरुवात होते ४०९६ उणे १८ म्हणजे ४०७८ या जागेपासून.

आमच्या राजपुत्राकडे सर्व मांडणी हीच आहे, फक्त घर लहान आहे. आधी एक खुणेचा बाइट येतो. त्याचे आठ बिट उजवीकडून वाचायचे. बिट एक असेल तर पुढचा बाइट जसाच्या तसा घ्यायचा, शून्य असेल तर पुढचे दोन बाइट हे ‘मागून उचल’ असे फर्मान आहे. त्या दोन बाइटांच्या सोळा बिटांपैकी वरचे सहा किती उचलायचे ते सांगतात आणि खालचे दहा कुठून ते. दहा बिटांत १०२४ जागा मावतात, तेव्हा खिडकी १०२४ बाइटांची. सहा बिटांत शून्य ते ६३ मावतात, पण तीनपेक्षा कमी बाइट उचलण्यात काही बचत नसल्यामुळे त्यात तीन मिळवायचे, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६६. माझे दुसरे अडणे येथे झाले. खिडकीत लिहिण्याची सुरुवात मी शून्य जागेपासून करीत होतो, आणि चित्राचे तुकडे जवळजवळ बरोबर पण भलत्याच ठिकाणी येत होते. कमानीचा माथा पायथ्याशी, जाळीचे भोक खांबाच्या पोटात. शेवटी झाकलेली माहिती उघडून पाहिली. सुरुवात होते १०२४ उणे ६६ या जागेपासून, म्हणजे ९५८ पासून. ओकुमुरांचे ४०९६ उणे १८ माझ्यासमोर कधीचे होते. तीच सवय येथे असेल हे मला सुचायला हवे होते.

आणि एक खोच : बाकीच्या संपूर्ण फाईलमध्ये दोन बाइटांच्या आकड्यातील लहान बाइट आधी येतो, या फर्मानात मात्र मोठा आधी येतो. हे मला इमहेक्सने पकडून दिले. डेटा इन्स्पेक्टरमध्ये बाइटांचा क्रम एका क्लिकने उलटता येतो. एका क्रमाने लांबी अशक्य येत होती, दुसऱ्याने शहाण्यासारखी.

रंगांचे प्रकरण त्या मानाने लवकर उरकले. १०० बाइटांची एक नोंद सर्व चित्रांच्या आधी होती आणि तिच्यात एका ठिकाणी सलग ४८ बाइट असे होते की त्यातील एकही ६३ पेक्षा मोठा नाही. सोळा रंग गुणिले तीन म्हणजे ४८, आणि त्या काळच्या व्हीजीए कार्डात लाल, हिरवा, निळा यांची प्रत्येकी तीव्रता ० ते ६३ एवढीच असे. हे ठाऊक असूनही मी ते आकडे पहिल्यांदा तसेच वापरले आणि महाल लोडशेडिंगमधल्यासारखा अंधारा निघाला. चौपट केल्यावर दिवे लागले.

आता इमहेक्सच्या उण्या बाजू. पहिली, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, ही की त्याचा पडदा नवख्याला घाबरवितो. प्रत्येक सोय म्हणजे एक वेगळी चौकट, चौकटी कुठेही ओढून चिकटविता येतात, आणि कोणती उघडायची हे मेनूच्या लांबलचक यादीतून शोधावे लागते. माझा पहिला पाऊण तास चौकटी हरवण्यात आणि सापडण्यात गेला. दुसरी, पॅटर्न लँग्वेजचे मार्गदर्शन शिस्तीने लिहिलेले असले तरी ते ज्याला सी किंवा तत्सम भाषा येते त्याच्यासाठी आहे. प्रोग्रामिंग न येणाऱ्या हौशी माणसाने यात हात घातला तर तो पहिल्याच स्ट्रक्टवर (बाइटांच्या गटाच्या व्याख्येवर) परत फिरेल. तिसरी बाब दोष नव्हे पण माहीत असलेली बरी : लूप अनंतकाळ फिरू नये म्हणून तिच्यात फेऱ्यांची मर्यादा घातलेली आहे, आणि मोठ्या फाईलवर काम करताना ती आपणहून वाढवावी लागते. पडद्याच्या रेखाटनासाठी ओपनजीएल ही ग्राफिक्स प्रणाली लागते, म्हणून जुन्या यंत्रांसाठी ग्राफिक्स कार्डाविना चालणारी वेगळी विंडोज आवृत्ती दिलेली आहे. माळ्यावरच्याच पिढीचा लॅपटॉप असेल तर ती घ्यावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की दाबलेली चित्रे इमहेक्समध्येच पूर्ण उलगडता येतात का. झेडलिबसारख्या प्रसिद्ध रीतींसाठी त्याच्याकडे तयार फंक्शने आहेत, आणि उलगडलेले बाइट वेगळ्या विभागात लिहून तिथेच पाहण्याची सोयही आहे. परंतु जुन्या खेळांमध्ये रीती घरगुती असतात आणि त्या स्वतः लिहाव्या लागतात. आरएलई मी पॅटर्न लँग्वेजमध्ये लिहून पाहिली आणि ती चालली. एलझेडजीसाठी मात्र पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे वळलो, कारण चूक शोधताना मध्येच थांबून खिडकीत काय साचले आहे ते पाहणे पायथॉनमध्ये मला सोपे गेले. शेवटी दोन्ही मिळून शंभरेक ओळींत सर्व फायलींतील चित्रे पीएनजी या नेहमीच्या चित्रफायली होऊन बाहेर पडली. माझा सल्ला असा की फाईलचा नकाशा इमहेक्समध्ये काढावा आणि वाहतूक पायथॉनवर सोपवावी. सर्व काही एकाच साधनात करण्याचा हट्ट धरला तर दोन्हींचा राग येतो.

काहीजण विचारतील की मग घिड्रा का नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले हे साधन प्रोग्रामच उकलून दाखविते, आणि जिथे फाईलकडे कितीही टक लावून पाहिले तरी रीत कळत नाही तिथे चित्र उलगडणारे फंक्शन खेळाच्या पोटातून शोधून काढण्यास त्याला किंवा जुने डॉस खेळ चालविणाऱ्या डॉसबॉक्सच्या डीबगरला (चालू प्रोग्राम थांबवून पाहण्याच्या सोयीला) पर्याय नाही. ९५८ हा आकडा मला तिथे नक्की मिळाला असता. पण ते घर दुरुस्त करायला आख्खी इमारत पाडण्यासारखे आहे. आरएलई आणि खिडकीवाली रीत, एवढ्या दोनच ओळखी पक्क्या असल्या तर त्या काळातील बऱ्याच खेळांची चित्रे केवळ हेक्स एडिटर आणि चिकाटी यांवर निघतात. पैसे मोजण्याची तयारी असेल तर ०१० एडिटर हे त्याच धर्तीचे आणि अधिक मुरलेले साधन आहे; त्याच्या टेम्प्लेटांवर, म्हणजे पॅटर्नसारख्याच तयार वर्णनांवर, कित्येक वर्षांचे काम झालेले आहे. महिन्यातून एखादी फाईल उघडणाऱ्या माझ्यासारख्याला तो खर्च पटत नाही.

चित्रांचे हक्क अर्थातच खेळाच्या मालकांचे आहेत, आणि माझी प्रत कशी आली ते वर सांगितलेच आहे. त्यामुळे काढलेली चित्रे मी कुठेही चढविलेली नाहीत, कृपया मागू नयेत. पॅटर्नची फाईल मागितली तर मात्र आनंदाने देईन.

भाच्याने महालातील खांब, कमान आणि जाळी निवडली आणि आम्ही दोघे ती पेन ड्राइव्हवर घेऊन सनबोर्डवर प्रिंट लावून देणाऱ्या दुकानात गेलो. खांबाच्या चित्राची उंची जेमतेम काही डझन ठिपके, आणि आम्हाला तो पाच फूट हवा होता. दुकानातील मुलाने चित्र पडद्यावर मोठे केले, त्यातले चौकोन चौकोन पाहिले आणि मान हलविली. “साहेब, हा फोटो फाटतोय. एवढा मोठा नाही होणार. थोडा ब्लर मारून देऊ का?”

मी काही बोलण्याआधीच भाचा पुढे सरसावला. “नको दादा, ब्लर नको. तो फाटायलाच हवा.”